तयार रो-हाऊस घ्यावं की प्लॉट घेऊन बांधावं?

मुंबई-पुण्याच्या बाहेर पडलं की घराचा प्रश्न निराळा होतो. नाशिक, सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर अशा गावांत अजून सव्वा-दीड गुंठ्याचा प्लॉट मिळतो, आणि त्याच रस्त्यावर कुणीतरी बांधून ठेवलेलं रो-हाऊसही मिळतं. मग घरात वाद सुरू होतो. एकाला वाटतं, बिल्डरचा नफा आपण का भरायचा? दुसऱ्याला वाटतं, वर्षभर गवंड्यांच्या मागे कोण फिरणार? दोघांचंही खरं असतं, म्हणूनच वाद मिटत नाही.

हा वाद बहुतेक ठिकाणी पैशांवर होतो. हिशेब नीट मांडला तर दोन्ही पर्याय पुष्कळदा जवळपास सारखेच बसतात. खरा फरक जमिनीच्या कागदांत आणि साइटवर उभं राहणाऱ्या माणसात असतो. म्हणून सुरुवात त्या माणसापासून करू.

पायरी १ : साइटवर कोण जाणार?

तळमजला आणि वर एक मजला असं घर बांधायला सगळं सुरळीत चाललं तरी वर्ष-सव्वा वर्ष लागतं. या काळात घरातलं कुणीतरी जवळजवळ रोज साइटवर चक्कर टाकायला हवं. आठवड्यातून एकदा रविवारी जाऊन भागत नाही, कारण रविवारी काम बंद असतं आणि चूक मंगळवारी होते. कॉलमची सळई चुकीच्या अंतरावर बांधली गेली आणि बुधवारी काँक्रीट पडलं, तर रविवारी तुम्हाला फक्त गुळगुळीत कॉलम दिसतो.

निवृत्त वडील, गावातच नोकरी असलेला भाऊ, किंवा पगार देऊन नेमलेला साइट सुपरवायझर, यांपैकी एक माणूस नक्की हवा. तो नसेल, तुम्ही परगावी असाल आणि सगळं ‘ओळखीच्या’ कॉन्ट्रॅक्टरवर सोडणार असाल, तर माझं मत स्पष्ट आहे : तयार घर घ्या. तुम्हाला थेट पायरी ५ वाचता येईल, पण जाताना पायरी २ टाळू नका. जमीन तयार घराखालीही असतेच.

पायरी २ : जमिनीचा कागद

प्लॉट स्वस्त असेल तर तो का स्वस्त आहे, हे आधी शोधा. कारण बहुतेक वेळा कागदातच सापडतं.

सातबारा काढा आणि मालकाच्या नावाबरोबर ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, वारसांच्या नोंदी, न्यायालयाचा मनाई आदेश हे सगळं तिथे दिसतं. भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, हेही सातबाऱ्यावरच कळतं. वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, मग समोरचा कितीही सज्जन असो. शहराच्या सिटी सर्व्हे हद्दीत सातबाऱ्याच्या जागी मालमत्ता पत्रक पाहायचं. त्यानंतर जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, काढून वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यायचा. याचे काही हजार रुपये वाचवण्याच्या भानगडीत पडू नका.

मग बिनशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकन, म्हणजे ले-आउट. प्लॉट नंबर त्या मंजूर नकाशात आहे का? समोरचा रस्ता नकाशात जेवढा रुंद दाखवलाय तेवढा जागेवर आहे का? नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. विकास आराखड्यातलं आरक्षण किंवा रुंद होणारा रस्ता प्लॉटवरून जात असेल तर ते विकणारा सांगणार नाही. नदीकाठच्या गावांत पूररेषा पाहा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं घर बांधायला परवानगी मिळत नाही, दोन रेषांच्या मधे अटींवर मिळते. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या सांगली-कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, पण प्लॉट विकायला बसलेले लोक हे फार लवकर विसरतात.

गुंठेवारीबद्दल थोडं जास्त. शेतजमिनीचे तुकडे पाडून, ले-आउट मंजूर न करता विकलेले प्लॉट सगळीकडे आहेत. २००१ चा गुंठेवारी कायदा आणि त्यातली २०२१ ची दुरुस्ती यांमुळे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची अशी बांधकामं शुल्क भरून, अटी पाळत असतील तर, नियमित होऊ शकतात. याचा अर्थ आज विकायला निघालेला प्रत्येक गुंठा उद्या नियमित होणार, असा नाही. दहा जणांची नावं असलेला सामाईक सातबारा, किंवा शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून झालेला व्यवहार, यांवर बँक कर्ज देत नाही. नोटरीने मालकी तुमच्याकडे येत नाही. असा प्लॉट निम्म्या दरात मिळाला तरी मी घेऊ नका असंच म्हणेन.

कागद जमला की भूमी अभिलेख विभागाकडून मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, घ्या आणि हद्दीच्या खुणा जागेवर स्वतः बघा. शेजाऱ्याचं कंपाउंड दीड फूट आत आलेलं असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

मातीकडे मात्र कुणी बघत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि वरचं घर हलवते. खाली मुरूम किंवा कठीण थर तीन फुटांवर लागतो की नऊ फुटांवर, यावर पायाचा खर्च लाखांनी बदलतो. इसार देण्याआधी मालकाला विचारून एक खड्डा खणून पाहा. ते शक्य नसेल तर शेजारच्या दोन घरमालकांना विचारा, त्यांना आपापल्या पायाची खोली पक्की लक्षात असते. बोअरला पाणी किती फुटांवर आहे आणि उन्हाळ्यात टँकर येतो का, हेही तिथेच विचारून घ्या.

पायरी ३ : हिशेब, सगळा

लोक करतात तो हिशेब असा : प्लॉट ३० लाख, बांधकाम ३२ लाख, झाले ६२. रो-हाऊस ७५ ला सांगतायत. म्हणजे १३ लाख वाचले! यात काय राहिलं ते बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचे दर घालून हेच गणित पुन्हा करा.

प्लॉट १,५०० चौरस फूट, दर २,००० रुपये : ३० लाख. त्यावर ६ टक्के मुद्रांक शुल्क १.८० लाख आणि नोंदणी शुल्क ३० हजार. १,६०० चौरस फूट बांधकाम, मालासकट २,००० रुपये दराने : ३२ लाख. आर्किटेक्ट, आरसीसी डिझायनर (सळई-काँक्रीटचं गणित करणारा इंजिनिअर), परवानगीची शुल्कं, मोजणी मिळून अडीच लाख. कॉन्ट्रॅक्टरच्या चौरस फुटाच्या दरात सहसा न येणाऱ्या गोष्टी, म्हणजे कंपाउंड, गेट, जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक, बोअर, वीज जोडणी : साडेचार लाख. बांधकामात होणारी वाढ १० टक्के, ३.२० लाख. ती होतेच, ‘आमच्याकडे होणार नाही’ असं धरू नका. बांधकामाचे १४ महिने सध्याच्या घराचं भाडं १२ हजारांनी १.६८ लाख. आणि याच काळात कर्जावर भरलेलं व्याज : प्लॉटचं २० लाख कर्ज, बांधकामाचं २४ लाख टप्प्याटप्प्याने उचललेलं, साडेआठ टक्क्यांनी सुमारे ३.२० लाख. बेरीज ७९ लाखांच्या थोडी वर जाते.

आता तयार घर. ७५ लाख, ६ टक्के मुद्रांक शुल्क ४.५० लाख, नोंदणी ३० हजार. एकूण ७९.८० लाख. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर राहायला योग्य असल्याचा मंजुरी देणाऱ्या कार्यालयाचा दाखला, मिळालेलं असेल तर जीएसटी नाही.

म्हणजे १३ लाख कुठे गेले? तर कुठेच नव्हते. पण इथे थांबलात तर दुसऱ्या बाजूने फसाल. त्या रो-हाऊसखाली जमीन किती आहे, हे विचारा. समजा ९०० चौरस फूट जमीन आणि १,२५० चौरस फूट बांधकाम असेल, तर त्याच पैशात प्लॉटवाल्याला ६०० चौरस फूट जमीन आणि ३५० चौरस फूट घर जास्त मिळालं. बांधणाऱ्याची कमाई ती. १४ महिन्यांच्या धावपळीची मजुरी म्हणा हवं तर. वीस वर्षांनी भिंतींची किंमत घसरलेली असेल आणि भाव जमिनीला येईल, त्यामुळे हा जमिनीचा हिस्सा किरकोळ समजू नका.

काम सहा महिने लांबलं तर? भाडं ७२ हजार आणि ४४ लाखांवरचं व्याज पावणेदोन लाखांच्या वर, म्हणजे अडीच लाखांहून जास्त गेले. वर्षभर लांबलं की जास्तीच्या जागेतला मोठा भाग व्याजात विरतो.

माझा अंदाजी नियम असा : सारख्या आकाराच्या तयार घराची किंमत तुमच्या प्रामाणिक बेरजेपेक्षा १० टक्क्यांपर्यंत जास्त असेल तर तयार घ्या. त्याहून जास्त असेल, कागद स्वच्छ असेल आणि साइटवर माणूस असेल, तर बांधा. वडिलोपार्जित किंवा आधी घेऊन ठेवलेला प्लॉट असेल तर प्रश्नच निराळा, तिथे बहुतेक वेळा बांधणंच शहाणपणाचं.

पायरी ४ : कर्ज आणि कर

मुद्रांक शुल्क बहुतेक महापालिका हद्दींत ६ ते ७ टक्के पडतं, आणि ते करारातली किंमत किंवा रेडी रेकनरचा सरकारी दर यांपैकी जास्त असेल त्यावर. घर महिलेच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे. बांधताना शुल्क फक्त प्लॉटवर लागतं, हा फरक वरच्या हिशेबात आलाच आहे.

तयार घराला बँक सरळ कर्ज देते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे वरच्या उदाहरणात २० लाखांच्या आसपास रोख हाताशी हवेत. बांधकामाचं कर्ज जोतं, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर अशा टप्प्यांनी मिळतं, आणि बँकेचा माणूस काम पाहून गेल्यावर मिळतं. आधी काम, मग पैसा. त्यामुळे एका टप्प्याइतकी रक्कम सतत स्वतःची लागते. ती नसली की काम थांबतं आणि गवंडी दुसऱ्या साइटवर निघून जातात. प्लॉटचं कर्ज घेताना ‘प्लॉट अधिक बांधकाम’ असं एकत्र कर्ज मागा आणि बांधकाम किती वर्षांत सुरू करायची अट आहे, ते वाचा.

जीएसटीत एक बारकावा आहे. चालू बांधकामातलं घर बिल्डरकडून घेतलं तर ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का. स्वतंत्र एका घरासाठी फक्त मजुरीचं कंत्राट दिलं तर त्या मजुरीवर जीएसटी नाही. मालासकट कंत्राट नोंदणीकृत कॉन्ट्रॅक्टरला दिलं तर १८ टक्के. ‘दर २,००० म्हणजे जीएसटीसकट का?’ हे पहिल्या भेटीतच विचारा.

जुना फ्लॅट विकून त्याच्या नफ्यावरचा कर वाचवायचा असेल तर तयार घर दोन वर्षांत घेता येतं, बांधायला तीन वर्षं मिळतात. ५० लाख किंवा जास्तीच्या खरेदीत १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून कापायचा कर, तुम्ही कापून भरायचा असतो, हे पुष्कळांना नोटीस आल्यावर कळतं.

पायरी ५ : तयार घर तपासताना

पहिला प्रश्न : भोगवटा प्रमाणपत्र आहे का? ‘आठ दिवसांत येतंय’ हे उत्तर म्हणजे नाही.

दुसरा : महारेराची, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील, तर रेरा नोंदणी बंधनकारक नाही. चार-सहा रो-हाऊसच्या छोट्या योजना बहुतेक याच फटीत बसतात. त्या वाईट असतात असं नाही, पण तिथे रेराचं संरक्षण गृहीत धरू नका. नोंदणी असेल तर नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दिसला तर तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो.

तिसरा : जमीन तुमच्या नावावर स्वतंत्र होणार की अविभाज्य हिस्सा मिळणार? पुढे वर मजला चढवायचा असेल तर याला फार महत्त्व आहे. चटई क्षेत्र, म्हणजे त्या जमिनीवर एकूण किती बांधता येतं ती मर्यादा, शिल्लक आहे का, की बिल्डरने सगळं वापरून टाकलंय, तेही विचारा. सामाईक भिंतीच्या रो-हाऊसमध्ये शेजाऱ्याच्या संमतीशिवाय फारसं काही करता येत नाही.

मग मंजूर नकाशा हातात घेऊन घरात फिरा, टेप बरोबर ठेवा. बाजूच्या मोकळ्या अंतरात काढलेलं वॉश एरिया, बंद केलेलं पार्किंग, गच्चीवरची ‘स्टडी रूम’ नकाशात नसेल तर त्या चौरस फुटांचे पैसे देऊ नका. घर शक्य असेल तर जोरदार पावसानंतर पाहा. खिडकीच्या खालचा कोपरा, संडास-बाथरूमच्या मागची भिंत, गच्चीखालचं छत इथे ओल आधी दिसते, आणि ताज्या रंगाने ती फार दिवस झाकत नाही. फरशीवर नाण्याने टकटक करा, पोकळ आवाज आला तर खाली सिमेंट भरलेलं नाही. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं की दाराकडे, बघा. याला पाच मिनिटं लागतात आणि विकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

एक मधला प्रकारही आहे : प्लॉटचं खरेदीखत वेगळं, बांधकामाचा करार वेगळा, दोन्ही एकाच बिल्डरशी. मुद्रांक शुल्क कमी दिसतं म्हणून तो गोड लागतो. पण जीएसटी, रेरा आणि अर्धवट सोडलेल्या कामाची जबाबदारी, तिन्ही ठिकाणी गुंता होतो. सही करण्याआधी वकील आणि सीए दोघांनाही तो करार दाखवा.

पायरी ६ : बांधायचं ठरलं तर

आर्किटेक्ट आणि कॉन्ट्रॅक्टर वेगळे ठेवा. एकाच घरचे असतील तर तपासणारा आणि तपासला जाणारा एकच होतो. परवानगी सोपी झाली आहे : राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीनुसार १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर नियमात बसणारा नकाशा दाखल करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी धरली जाते, ३०० पर्यंतच्या प्लॉटला ठरलेल्या कमी मुदतीत परवानगी मिळते. ही सवलत नकाशा नियमात असेल तरच.

कंत्राट मजुरीवर द्या किंवा मालासकट, पण चौरस फूट कसा मोजणार ते लिहून घ्या. पोर्च, बाल्कनी, जिन्यावरची टोपी, गच्चीचा कठडा मोजणार का? भांडणं इथे होतात. करारात सिमेंटची कंपनी, सळईची प्रत, वाळू की क्रश सँड, फरशीचा प्रति फूट दर, वायरची कंपनी, दारांचं लाकूड हे सगळं लिहा. जादा कामाचे दरही आधीच ठरवा. स्लॅब पडल्यावर कॉन्ट्रॅक्टर म्हणेल तोच दर असतो. दुमजली साध्या घराला सळई साधारण साडेतीन ते चार किलो प्रति चौरस फूट लागते. हिशेब यापासून फार लांब गेला तर आरसीसी डिझायनरला विचारा.

पैसे नेहमी कामाच्या मागे ठेवा, पुढे नाही. शेवटचे ५ ते १० टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवायचं करारातच मान्य करून घ्या.

काँक्रीट टाकण्याआधी डिझायनरने सळई पाहून सही करावी, त्याशिवाय मिक्सर सुरू करायचा नाही. पाणी मारणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. बाजारातलं बहुतेक सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, असतं, त्याला किमान १० दिवस ओल हवी. स्लॅबवर आळी करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळा. साध्या ओपीसी सिमेंटला प्रमाण संहितेत ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे आधार ७ दिवसांनी आणि ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवसांनी काढता येतात. पीपीसीला त्याहून जास्त दिवस द्या. सेंट्रिंगवाल्याला फळ्या दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात म्हणून तो घाई करतो. तुम्ही करू नका.

नकाशा आणि विजेचे पॉइंट काम सुरू होण्याआधी पक्के करा. ‘हे नंतर बघू’ म्हटलेली प्रत्येक गोष्ट नंतर फोडून करावी लागते.

पायाचं खोदकाम दसऱ्यानंतर, जमीन वाळली की काढा. काळ्या मातीत तर याला पर्याय नाही. जोतं भरताना उकरलेली काळी माती परत आत ढकलू देऊ नका, मुरूमच भरून पाण्याने आणि धुम्मसाने दाबून घ्या. जोत्यापर्यंत काम आलं की मंजुरी देणाऱ्या कार्यालयाच्या नियमाप्रमाणे जोते तपासणी करून घ्या. भिंती अर्धा फूट सरकल्या असतील तर त्या वेळी दुरुस्त होतात, छत पडल्यावर नाही. स्लॅब मेअखेरपर्यंत झाला तर पावसाळ्यात आतलं प्लास्टर आणि वायरिंग चालू ठेवता येतं. आणि काम संपलं म्हणून लगेच सामान हलवू नका, आधी भोगवटा प्रमाणपत्रासाठी अर्ज करून ते हातात घ्या. घरपट्टीची नोंद, कायमची वीज जोडणी आणि पुढे कधी घर विकायची वेळ आली तर घेणाऱ्याच्या बँकेचा पहिला प्रश्न, या सगळ्यांना तोच एक कागद लागतो.